जुन्या मोटारीचे ब्रेक होज : घरी बदलताना घ्यावयाची काळजी

भुसावळहून वरणगावकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गालगत औष्णिक वीज केंद्राची दीपनगर ही वसाहत आहे. वीज केंद्र, भुसावळचे रेल्वे यार्ड, वरणगावचा आयुध निर्माणी कारखाना यांमुळे या पट्ट्यात पाना-पक्कड सहज हाताळणाऱ्या तंत्रज्ञांची संख्या मोठी आहे. साहजिकच दारातील जुनी मोटार स्वतःच दुरुस्त करण्याकडे येथील अनेकांचा कल असतो. प्लग साफ करणे, ऑइल बदलणे, बॅटरी जोडणे अशी कामे घरी करण्यात विशेष धोका नाही. मात्र ब्रेकच्या कामाला हात घालताना वेगळा विचार करावा लागतो. इंजिनाच्या कामात चूक झाली तर गाडी सुरू होत नाही. ब्रेकच्या कामात चूक झाली तर ती थांबत नाही. त्यातही सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे चाकाजवळचा रबरी नळीचा हातभर तुकडा, ज्याला मेकॅनिक ‘ब्रेक होज’ म्हणतात.

खानदेशातील रस्त्यांवर मारुती ८००, प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसॅडर अशा मोटारी आजही अधूनमधून दिसतात. मारुती ८००चे पहिले वाहन १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती देण्यात आले आणि जानेवारी २०१४मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी मे महिन्यात उत्तरपाडा येथील अ‍ॅम्बॅसॅडरचा कारखाना बंद पडला. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी पद्मिनी त्याआधीच बाजारातून गेली होती. मुंबईच्या रस्त्यांवरील तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींचा निरोप समारंभ ऑक्टोबर २०२३मध्ये झाला. म्हणजेच या जातीची सर्वांत नवी मोटारदेखील आता दहा वर्षांपेक्षा जुनी आहे. अशा बहुसंख्य गाड्यांचे इंजिन एक-दोनदा उघडले गेले असते, टायर अनेकदा बदलले गेले असतात. परंतु ब्रेकच्या नळ्या कित्येकदा कारखान्यातून आल्या तशाच असतात.

होज आणि पाइप यांतील फरक

पाय ठेवण्याच्या पेडलपासून चाकापर्यंत दाब पोहोचविण्याचे काम ब्रेक ऑइल करते. बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने मांडलेला नियम या यंत्रणेचा पाया आहे. माल्कम लॉकहीड याने १९१७मध्ये द्रवदाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले आणि १९२१च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक बसविण्यात आले. तत्त्व आजही तेच आहे.

मास्टर सिलिंडरपासून निघालेली नळी गाडीच्या सांगाड्याला धरून पुढे जाते. ही नळी पोलादी असून तिचा बाहेरील व्यास साधारण पावणेपाच मिलिमीटर असतो. तिला ‘ब्रेक पाइप’ म्हणावे. चाक मात्र खड्ड्यांत वर-खाली होते आणि पुढचे चाक स्टिअरिंगबरोबर वळतेही. तेथे ताठ पाइप चालत नाही, म्हणून शेवटचा तुकडा लवचीक रबराचा असतो. हाच होज. त्याच्या आत रबराची नळी, तिच्याभोवती मजबूत धाग्यांचे विणकाम आणि सर्वांत बाहेर हवा-पाण्यापासून संरक्षण देणारे रबराचे आवरण असे थर असतात. दोन्ही टोकांना पोलादी जोड दाबून बसविलेले असतात.

गंज रबराला चढत नाही. तो चढतो या पोलादी टोकांना, त्यांना धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या क्लिपला आणि होजला मिळणाऱ्या पाइपच्या नटाला. त्यामुळे ‘होज गंजला’ असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा रबर आणि धातू या दोन्ही भागांची तपासणी करणे आवश्यक असते.

या नळीवर पडणारा ताण किती असतो, याची कल्पना एका साध्या हिशेबातून येते. चालकाने पेडलवर २० किलो भार दिला आणि पेडलच्या तरफेमुळे तो पाचपट झाला, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलो भार येतो. दट्ट्याचा व्यास १९ मिलिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २.८ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे नळीतील दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५ किलो भरतो. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब याच मापात दोन किलोच्या आसपास असतो. अचानक कोणी आडवे आल्यावर चालक जिवाच्या आकांताने पेडल दाबतो, तेव्हा हा आकडा आणखी दुप्पट-अडीचपट होतो. दुबळी झालेली नळी नेमकी अशाच वेळी फुटते.

खानदेशचे हवामान आणि ब्रेकच्या नळ्या

कोकणात खाऱ्या हवेमुळे पत्रा व पाइप लवकर सडतात. खानदेशात तो त्रास कमी. येथे रबराचा शत्रू उन्हाळा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. त्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या चाकाजवळ रस्त्याची धग आणि ब्रेकची उष्णता यांची भर पडते. वर्षानुवर्षे तापून रबर कडक होते, त्याची लवचीकता जाते आणि वळण घेणाऱ्या जागी बारीक भेगा पडू लागतात.

पावसाळ्यात वेगळा प्रश्न उभा राहतो. तापीकाठची काळी चिकण माती मडगार्डच्या आतील भागात थापून बसते आणि पाऊस थांबल्यानंतरही बरेच दिवस ओलावा धरून ठेवते. पाइपचा नट आणि होजची क्लिप नेमकी याच चिखलाखाली दडलेली असतात. औष्णिक केंद्राच्या आसपास उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर बसणारी बारीक राख वेळोवेळी धुतली न गेल्यास तीही सांध्यांमध्ये साचून ओल टिकवते. रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा महिनोन्महिने आच्छादनाखाली उभ्या असलेल्या गाडीचे नट अधिक घट्ट गंजलेले आढळतात, याचे कारण हेच.

येथील रस्त्यांचाही विचार करावयास हवा. जळगाव ते छत्रपती संभाजीनगर मार्गावरील अजिंठ्याचा घाट, चाळीसगाव व कन्नड यांच्यामधील औट्रम घाट, धुळ्याजवळचा लळिंग घाट, सातपुड्यातील तोरणमाळची चढण अशा रस्त्यांवर उतरताना ब्रेक सतत वापरले जातात. सपाट महामार्गावर वर्षभर उघडा न पडलेला दोष घाटातील एका उताराने उघडा पडतो.

बिघाड कसा ओळखावा

तपासणीसाठी पुढील चाक काढून होज उजेडात पाहावा. हाताने किंचित वाकवल्यावर बाहेरील रबरात भेगा दिसल्या, आतील धाग्यांचे विणकाम डोकावू लागले, टोकाशी ओलसर डाग आढळला, अथवा दाबून बसविलेल्या पोलादी कडीला गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर होज बदलावा. दुसऱ्या व्यक्तीला पेडल जोरात दाबण्यास सांगून होजवर लक्ष ठेवावे. एखाद्या जागी फुगवटा येत असेल तर गाडी त्याच जागी उभी ठेवणे इष्ट.

बाहेरून निर्दोष दिसणारा होज आतून बंद झालेला असू शकतो. आतील रबराचा थर सुटून झडपेसारखा आडवा येतो. पायाच्या जोराने ऑइल चाकाकडे जाते, पण पाय काढल्यावर परत येत नाही. परिणामी ते चाक धरून राहते, गाडी एका बाजूला ओढली जाते, चाकाची वाटी तापते आणि पेट्रोलही जास्त जळते. अनेकदा याचा दोष कॅलिपरला दिला जातो व तो विनाकारण बदलला जातो. खरी तपासणी सोपी आहे. चाक उचलून ब्रेक दाबून सोडावा. चाक हाताने फिरत नसेल तर कॅलिपरवरील हवा काढण्याचा निप्पल किंचित सैल करावा. थोडे ऑइल उसळून चाक मोकळे झाले तर दाब आत अडकला होता, हे निश्चित. निप्पल पुन्हा आवळून ब्रेक दाबून सोडावा आणि या वेळी होजच्या वरील टोकाचा, म्हणजे पाइपकडील नट सैल करून पाहावा. चाक मोकळे झाले नाही तर दोष होजमध्ये आहे. मोकळे झाले तर मास्टर सिलिंडरकडे पाहावे लागेल. निप्पल उघडूनही चाक जड राहत असेल तर मात्र कॅलिपरच जाम झालेला असतो.

घरी काय करावे, काय करू नये

रबरी होज बदलणे हे नीट हत्यारे, संयम आणि मदतीला एक माणूस असेल तर घरी करण्याजोगे काम आहे. पोलादी पाइप बदलणे मात्र वेगळे कौशल्य आहे. पाइपचे टोक विशिष्ट आकारात दुहेरी दुमडून पसरवावे लागते. हा आकार दोन प्रकारचा असतो आणि चुकीच्या प्रकारचे टोक बसविल्यास सांधा दाबाखाली गळतो. त्यासाठी लागणारे यंत्र आणि हाताचा सराव नसल्यास हे काम गॅरेजवर सोपवावे. पाइपवर केवळ तांबूस छटा असेल तर तो पुसून चालतो. नखाने खरवडल्यावर खड्डे दिसले तर तो बदलावाच. तांबे-निकेल मिश्रधातूचे पाइप गंजत नाहीत. व्होल्वो कंपनीने १९७६पासून ते आपल्या मोटारींत वापरले. साधा तांब्याचा पाइप मात्र कंपनांनी कडक होऊन तडकू शकतो. तो ब्रेकसाठी वापरू नये.

ज्या गाड्यांना ‘एबीएस’ आहे, त्यांच्या यंत्रणेत हवा शिरल्यास ती काढण्यासाठी काही वेळा संगणकीय उपकरण लागते. अशा गाड्यांचे काम घरी सुरू करण्यापूर्वी त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल पाहणे आवश्यक आहे.

खरेदी करताना

होज नेहमी जोडीने बदलावेत. उजवीकडचा होज सडला असेल तर त्याच वयाचा डावीकडचाही त्याच वाटेवर असतो. शिवाय एका बाजूला नवा ताठ आणि दुसऱ्या बाजूला जुना फुगणारा होज असल्यास ब्रेक दोन्हीकडे सारखा लागेलच असे नाही. गाडीचे मॉडेल व उत्पादनाचे वर्ष सांगूनच होज घ्यावा आणि शक्य असल्यास जुना होज सोबत न्यावा. लांबी, दोन्ही टोकांचे आटे आणि बैठकीचा आकार जुळला पाहिजे. ‘थोडा लांब आहे, पण बसेल’ हा दुकानदाराचा सल्ला स्वीकारू नये. लांब होज टायरला घासतो आणि आखूड होज चाक पूर्ण वळल्यावर ताणला जातो.

द्रवदाबाच्या ब्रेक होजसाठी आयएस ७०७९ आणि ब्रेक ऑइलसाठी आयएस ८६५४ ही भारतीय मानके आहेत. वेष्टनावर निर्मात्याचे नाव, मानकाचा उल्लेख आणि उत्पादनाची तारीख पाहून घ्यावी. दुकानात कित्येक वर्षे पडून राहिलेले रबर नवे समजता येत नाही. होजबरोबर तांब्याची नवी वॉशर आणि नव्या क्लिपा घ्याव्यात. जुने वॉशर एकदा दबलेले असते, ते पुन्हा नीट बसत नाही.

ब्रेक ऑइलबाबत गाडीच्या पुस्तिकेत किंवा ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलेली श्रेणी पाळावी. डॉट ३ श्रेणीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, तर डॉट ४चा २३० अंश. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर हेच आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतात. घाटात ब्रेक तापल्यावर असे ओले ऑइल उकळते, नळीत वाफ होते आणि पेडल पोकळ लागते. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दबते. म्हणून पाय खाली जातो आणि गाडी मात्र थांबत नाही. याच कारणाने दर दोन वर्षांनी ऑइल बदलण्याचा सल्ला दिला जातो आणि उघडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नये असे सांगितले जाते. डॉट ५ हे सिलिकॉनचे ऑइल असून ते डॉट ३ व ४मध्ये मिसळता येत नाही.

अडचणीच्या वेळी टाकीत इंजिन ऑइल, डिझेल किंवा साबणाचे पाणी भरण्याचा प्रकार काही ठिकाणी आढळतो. तो अत्यंत घातक आहे. खनिज तेलाने ब्रेकमधील रबरी सील फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतचा प्रत्येक रबरी भाग निकामी होतो.

पूर्वतयारी

गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करावी. मातीच्या अंगणात जॅक रुततो. तेथे हे काम करू नये. पुढील चाकाचे काम असेल तर हँडब्रेक ओढून मागील चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. मागील चाकांचे काम असेल तर हँडब्रेकचा उपयोग होत नाही. त्या वेळी पुढील चाकांना ठोकळे लावून गाडी गिअरमध्ये ठेवावी. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धवट सैल करावेत. गाडी उचलल्यावर तिचा भार लोखंडी स्टँडवर ठेवावा. विटांची चळत, दगड किंवा केवळ जॅक यांच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. वीट भाराखाली कोणतीही पूर्वसूचना न देता फुटते.

आदल्या रात्री सांध्यांवरील चिखल तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडविणारे तेल लावून ठेवावे. हे तेल डिस्क, पॅड किंवा लायनरवर उडू देऊ नये. नट सोडविण्यासाठी साधा फिक्स पाना वापरल्यास तो नटाच्या दोनच बाजू धरतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करून टाकतो. पाइप आत जाण्यापुरती खाच असलेला, नटाला सर्व बाजूंनी कवेत घेणारा खास पाना बाजारात मिळतो. जपानी बनावटीच्या बहुतेक गाड्यांना तो १० मिलिमीटरचा लागतो. या एका हत्यारावर केलेला खर्च पाइपचा खर्च वाचवतो.

ब्रेक ऑइल रंगाला खाते, म्हणून मडगार्डवर जुने कापड टाकावे व सांडलेले ऑइल लगेच पाण्याने धुवावे. डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे असावेत. ब्रेकमधील धूळ फुंकून अथवा हवेच्या दाबाने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

प्रत्यक्ष काम

पाइप सुटल्यावर टाकीतील सारे ऑइल गळून जाऊ नये यासाठी एक सोपी युक्ती आहे. पेडल दोन-तीन सेंटिमीटर दाबून सीट आणि पेडल यांच्यामध्ये काठी अडकवावी. त्यामुळे मास्टर सिलिंडरमधील टाकीकडे जाणारे छिद्र बंद होते आणि ऑइल फारसे गळत नाही. अशा वेळी मागचे लाल दिवे पेटून राहतात, म्हणून बॅटरीचे एक टोक काढून ठेवावे.

प्रथम होजचे वरील टोक सोडवावे. एका पान्याने होजचा षटकोनी भाग घट्ट धरून ठेवावा आणि दुसऱ्या पान्याने पाइपचा नट फिरवावा. या वेळी नजर पाइपवर असावी. नटाबरोबर पाइपही पिळला जात असेल तर तेथेच थांबावे, पुन्हा तेल लावून वाट पाहावी आणि नट थोडा पुढे-मागे फिरवून सोडविण्याचा प्रयत्न करावा. पिळलेला पाइप सरळ करून पुन्हा वापरणे धोक्याचे असते. तो पिळला गेलाच तर काम थांबवून नवा पाइप बनवून घेणे एवढाच मार्ग उरतो. नट सुटल्यानंतर पक्कडीने क्लिप ओढून काढावी आणि होज ब्रॅकेटमधून मोकळा करावा. पाइपच्या उघड्या टोकाला स्वच्छ रबरी टोपी लावावी. त्यात धूळ जाता कामा नये.

त्यानंतर चाकाकडील टोक सोडवावे. काही गाड्यांत ते पोकळ बोल्टने कॅलिपरला धरलेले असते व बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याची वॉशर असतात. काहींत ते थेट आट्यांनी बसलेले असते. जुने वॉशर कॅलिपरला चिकटून राहते आणि नजरेतून सुटते. त्यावर नवे वॉशर बसविल्यास गळती ठरलेली, म्हणून ती जागा बोटाने चाचपून पाहावी.

नवा होज बसविताना क्रम उलटा असतो. आधी चाकाकडील टोक बसवावे, कारण आट्यांनी बसणारा होज आवळताना पूर्ण फिरतो. मग वरील टोक ब्रॅकेटमध्ये घालून होजला पीळ नसल्याची खात्री करावी. पुष्कळ होजवर लांबीभर एक रेषा छापलेली असते. ती सरळ दिसली तर होज सरळ आहे. ती दोरासारखी गुंडाळलेली दिसली तर पीळ आहे. पाइपचा नट पहिले काही आटे केवळ बोटांनी फिरवावा. बोटांनी फिरत नसेल तर आटे आडवे बसत आहेत असे समजून पुन्हा सुरुवात करावी. पान्याने जबरदस्ती केल्यास आटे कायमचे जातात. छोट्या नटांना साधारण १५ न्यूटन-मीटर इतकाच आवळ पुरतो. मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा अंतिम मानावा. अधिक जोर लावल्याने गळती थांबत नाही, पाइपचे टोक मात्र चिरडते.

क्लिप बसविल्यावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. होज कोठेही ताणला जाऊ नये, टायरला किंवा स्प्रिंगला घासू नये. चाक लटकलेले असताना आणि गाडीचा भार चाकांवर आल्यावर अशी दोन्ही वेळा ही पाहणी करावी.

हवा काढणे

होज बदलल्यानंतर नळीत शिरलेली हवा काढल्याशिवाय गाडी हलवू नये. पेडलखालची काठी काढून टाकी नव्या ऑइलने भरावी. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. आत बसलेल्याने पेडल सावकाश दाबून धरावे, बाहेरच्याने निप्पल उघडावा, बुडबुडे व ऑइल बाहेर आल्यावर निप्पल बंद करावा आणि मगच पेडल सोडण्यास सांगावे. दोघांनी ‘दाबा’, ‘बंद’, ‘सोडा’ असे शब्द मोठ्याने उच्चारल्यास गफलत होत नाही. निप्पल उघडा असताना पेडल सुटले तर हवा पुन्हा आत ओढली जाते आणि सारे श्रम वाया जातात.

साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकाकडे यावे. ज्या गाड्यांत समोरासमोरील तिरकी चाके एका सर्किटवर असतात, तेथे मॅन्युअलमधील क्रम पाळावा. दर चार-पाच वेळा दाबल्यावर टाकीतील पातळी पाहावी. टाकी रिकामी झाल्यास हवा थेट मास्टर सिलिंडरमध्ये शिरते. बाटलीत जमा झालेले ऑइल परत टाकीत ओतू नये.

जुन्या गाडीत पेडल पूर्ण तळापर्यंत दाबू नये, ही बाब महत्त्वाची आहे. मास्टर सिलिंडरचा नेहमी न वापरला जाणारा भाग आतून खरबरीत झालेला असतो. त्यावरून सील घसरले की ते फाटते आणि होज बदलण्यासाठी काढलेली गाडी नव्या मास्टर सिलिंडरच्या खर्चात जाते. पेडलखाली लाकडाचा छोटा ठोकळा ठेवल्यास हे टळते.

खात्री करूनच रस्त्यावर

काम संपल्यावर इंजिन सुरू करून पेडल एक मिनिटभर जोरात दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल, स्पंजासारखे लागत असेल किंवा दोन-तीनदा दाबल्यावरच वर येत असेल तर हवा अथवा गळती शिल्लक आहे. प्रत्येक सांध्याला कोरडा पांढरा कागद टेकवून ओल तपासावी. नंतर चाके बसवून नट आवळावेत आणि मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने, मग हळूहळू वाढवत ब्रेक पाहावा. गाडी सरळ थांबली पाहिजे. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानंतर सांधे पुन्हा पाहावेत. तोपर्यंत घाटाचा प्रवास टाळावा.

पुष्कळ गाड्यांत दोन स्वतंत्र सर्किटे असतात, त्यामुळे एक होज फुटला तरी निम्मे ब्रेक शिल्लक राहतात. परंतु पेडल बरेच खाली जाते आणि थांबण्याचे अंतर वाढते. जुन्या एकेरी सर्किटच्या गाड्यांत तर एका होजने चारही चाकांचा ब्रेक जातो. चालत्या गाडीत असे झाल्यास पेडल पुन्हापुन्हा दाबावे, एकेक गिअर खाली आणत इंजिनाने वेग कमी करावा आणि हँडब्रेक झटक्याने न ओढता बटण दाबून ठेवून सावकाश ओढावा. इंजिन बंद करू नये.

कायद्यानुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांपर्यंत वैध असते. त्यानंतर फॉर्म २५ भरून व वाहन तपासणीसाठी नेऊन तिचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. जळगावच्या एमएच १९ आणि धुळ्याच्या एमएच १८ मालिकेतील जुन्या गाड्यांच्या मालकांना या तपासणीस सामोरे जावेच लागते. मात्र तपासणी पाच वर्षांतून एकदा होते आणि रबर रोज तापते. म्हणून दरवर्षी उन्हाळा संपताना एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा चाके काढून होज पाहण्याचा परिपाठ ठेवावा. त्यास अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागत नाही. वापरलेले ब्रेक ऑइल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी न ओतता बंद बाटलीत भरून, जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे आणि काढलेला जुना होज सुरीने कापून मगच टाकावा. तसे केल्यास तो पुन्हा दुसऱ्या कोणाच्या गाडीला बसणार नाही.